टॉवरवरचा कनेक्टर बदलायचाय? दुकानात जाण्याआधी तो ओळखा

वळवाचा पाऊस पडून चार-आठ दिवस झाले की एखाद्या सामुदायिक रेडिओ केंद्राला फोन यायला लागतात, "तुमचा आवाज खरखरतोय." आधी कडेच्या वाडीतून, मग जरा जवळच्या गावातून. स्टुडिओत मात्र सगळं ठीक असतं. माइक चालू, संगणक चालू, ट्रान्समीटरचा दिवा हिरवा. अशा वेळी दोष बऱ्याचदा टॉवरवर, अँटेनाच्या बुडाशी असलेल्या बोटाएवढ्या पितळी तुकड्यात असतो. तो तुकडा म्हणजे कनेक्टर, केबल आणि अँटेना यांना जोडणारा सांधा.

ट्रान्समीटरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ. तरी त्याच्यापायी केंद्र कितीतरी दिवस अर्ध्या ताकदीवर चालतं, कारण योग्य कनेक्टर सापडत नाही. बाजार लांब आहे हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण ही की नेमकं काय मागायचं ते सांगता येत नाही. नुसतं "अँटेनाचा कनेक्टर द्या" म्हटलं तर लातुरात काय किंवा बीडमध्ये काय, दुकानदार डिश टीव्हीचा एफ कनेक्टर पुढे ठेवणार. त्याचं काही चुकत नाही, त्याच्याकडे दिवसभर लोक तेच मागायला येतात. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा ओळख पटवण्याबद्दल जास्त सांगणार आहे.

सामुदायिक रेडिओची परवानगी २००२ साली आधी शिक्षणसंस्थांना मिळाली. २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांना, कृषी विद्यापीठांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुली झाली. अशा केंद्राला प्रसारणाची ताकद १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत ठेवता येते. एवढ्या मोजक्या ताकदीत दोन-पाच वॅट वाया जाणं परवडत नाही. शिवाय मोठ्या प्रसारण केंद्राकडे असतो तसा अभियंत्यांचा ताफा इथे नसतो. जो निवेदन करतो तोच पुष्कळदा पाना हातात घेतो.

तार तारेला टेकली, तरी काम का होत नाही?

घरच्या वायरिंगमध्ये तांबं तांब्याला घट्ट टेकलं की दिवा लागतो. तिथे विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. एफएम प्रसारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमध्ये चालतं, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा कोटी आवर्तनं. एवढ्या वेगात वीज तारेतून नुसती वाहत नाही, तर केबलच्या आतल्या पोकळीतून लाटेसारखी सरकते. या केबलला कोएक्स म्हणतात. मधोमध तांब्याचा गाभा, त्याभोवती प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी आणि सगळ्यात वर काळं आवरण. लाट गाभा आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून जाते. म्हणून तिच्या दृष्टीने धातूइतकंच महत्त्व त्या जागेच्या मापाला असतं.

मोटेच्या जाड नाड्याला बारीक कासरा बांधा आणि नाड्याचं टोक जोरात झटका. लाट गाठीपाशी पोचली की तिचा काही भाग पुढे जातो आणि काही भाग हाताकडे परत येतो. गाठ कितीही पक्की असली तरी हे होतंच, कारण दोन दोरांची जाडी वेगळी आहे. केबलच्या बाबतीत या जाडीच्या जागी इम्पिडन्स असतो आणि तो ओहममध्ये मोजतात. प्रसारणाचा सगळा सरंजाम ५० ओहमचा, तर टीव्ही आणि डिशचा ७५ ओहमचा.

हा आकडा येतो कुठून? बाहेरच्या वाहकाचा आतला व्यास आणि आतल्या वाहकाचा बाहेरचा व्यास यांच्या प्रमाणातून. मोबाइल टॉवरवर दिसणारा सात-सोळा डिन कनेक्टर घ्या. त्याच्या नावातच दोन्ही मापं आहेत, आतला वाहक ७ मिलिमीटर आणि बाहेरचा १६. भागाकार सुमारे २.३. एन टाइप कनेक्टरमध्ये ही मापं ३.०४ आणि ७ मिलिमीटर आहेत, म्हणजे भागाकार पुन्हा २.३. मध्ये हवा असेल तर या प्रमाणाला ५० ओहम मिळतात. मध्ये प्लास्टिक भरलं तर प्रमाण वाढवावं लागतं. आणि मध्ये पाणी शिरलं तर हिशेबच कोलमडतो. मधल्या पदार्थाचा लाटेवर किती परिणाम होतो ते सांगणारा विद्युत गुणांक केबलमधल्या पॉलिथिलीन प्लास्टिकचा २.३ च्या आसपास असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. पाऊस आणि कनेक्टर यांचं वैर आहे ते इथे.

परत येणाऱ्या लाटेचं प्रमाण एसडब्ल्यूआर या आकड्यात सांगतात. १ म्हणजे काहीच परत येत नाही. १.५ असला तर ४ टक्के ताकद परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. ५० वॅटच्या ट्रान्समीटरला ३ चा एसडब्ल्यूआर दिसला तर साडेबारा वॅट मागे फिरतात. चांगला ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आणखी उतरवतो आणि कडेची वाडी ऐकेनाशी होते.

खरंच कनेक्टरच बिघडलाय का?

नवा मागवण्याआधी एवढं नक्की करा. ट्रान्समीटरला केबलऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद बाहेर न फेकता उष्णतेत जिरवणारी खोटी अँटेना, जोडा. एसडब्ल्यूआर १ च्या जवळ आला तर ट्रान्समीटर आणि त्याचा मीटर ठीक आहे, दोष त्याच्या पुढे आहे. पाऊस पडला की आकडा चढतो आणि दुपारच्या उन्हात उतरतो, असं होत असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय हे जवळपास नक्की.

मल्टिमीटरने तपासताना एक घोटाळा होतो. पुष्कळ एफएम अँटेना अशा घडवलेल्या असतात की मीटरला त्या शॉर्ट दिसतात. तो दोष नव्हे, त्यांची रचनाच तशी असते. म्हणून अँटेना काढून, नुसत्या केबलचा गाभा आणि जाळी यांमध्ये मीटर लावा. तिथे शॉर्ट दिसला तर मात्र तो खरा.

यापेक्षाही मोठा चकवा म्हणजे एसडब्ल्यूआर छान दिसतो, पण आवाज पोचत नाही. पाणी पिऊन सुजलेली केबल लाटेला जातानाही खाते आणि परत येतानाही खाते, त्यामुळे परत आलेली ताकद मीटरपर्यंत पोचतच नाही. केबलमध्ये १० डेसिबल ऱ्हास असेल, म्हणजे दहातला एकच वाटा वर पोचत असेल, तर वर अँटेना नसतानाही खालचा मीटर १.२ दाखवेल! म्हणून खालच्या आकड्यावर समाधान मानू नका. शक्य तर केबल खाली उतरवून तिच्या वरच्या टोकाला वॅटमीटर आणि डमी लोड लावा आणि तिथे खरोखर किती वॅट पोचतात ते मोजा. हल्ली केबल आणि अँटेना तपासणारा, तळहातावर मावणारा नॅनोव्हीएनए हा मीटर मिळतो. त्याने केबलमधला बिघाड साधारण किती मीटरवर आहे तेही कळतं. दोन-तीन केंद्रांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

वर चढण्याबद्दल इथेच सांगतो. ट्रान्समीटर बंद, प्लग काढलेला आणि खोलीची किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. पूर्ण अंगाचा हार्नेस, खाली एक माणूस उभा. मे-जूनमध्ये पश्चिमेला ढग दिसला तरी त्या दिवशी चढायचं नाही. मराठवाड्यात मोसमी पावसाच्या आधीच्या विजा दरवर्षी माणसं आणि जनावरं घेतात. शिवारातला लोखंडी टॉवर ही तर त्यांना सगळ्यात सोयीची जागा.

तोंड कोणतं?

वर गेल्यावर कनेक्टरचे फोटो काढा, समोरून आणि बाजूनेही, शेजारी पट्टी धरून. बारीक मापं घेणारा व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. बहुतेक वेळा पुढच्यांपैकीच एक असतो.

एन टाइप हा छोट्या केंद्रांवर सगळ्यात जास्त दिसणारा. १९४० च्या दशकात बेल लॅब्समध्ये पॉल नील यांनी तो घडवला, त्यांच्याच आडनावाचं आद्याक्षर त्याला मिळालं. आट्यांच्या आत रबरी गॅस्केट असतं, त्यामुळे तो पाण्याला बऱ्यापैकी तोंड देतो. दुसरा पीएल-२५९, हौशी रेडिओवाल्यांचा लाडका. तो १९३० च्या दशकातला आहे आणि त्यात पाणी अडवायची काहीही सोय नाही.

या दोघांत फसायला होतं ते आट्यांमुळे. दोघांचे आटे एकाच मापाचे, ५/८ इंच व्यासाचे आणि इंचाला २४. बाहेरून मोजलं तर दोन्हीकडे सुमारे १५.९ मिलिमीटर. नुसत्या बाहेरच्या मापावरून मागवलं तर चुकीचा येऊ शकतो. ओळखायचं ते मधल्या पिनेवरून. पीएल-२५९ ची पिन जवळपास ४ मिलिमीटर जाड, एनची त्याच्या निम्म्याहून बारीक. मेल की फिमेल हेही मधल्या पिनेवरूनच ठरतं, आटे आत आहेत की बाहेर यावरून नाही. मध्ये टोक असेल तर मेल, भोक असेल तर फिमेल.

एनमध्ये आणखी एक पोटभेद आहे. तो ५० आणि ७५ अशा दोन्ही ओहममध्ये मिळतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ५० च्या मेलची पिन सुमारे १.६ मिलिमीटर, ७५ ची ०.९ च्या आसपास. ५० चा मेल ७५ च्या फिमेलमध्ये घुसवला तर पिनेला धरणाऱ्या आतल्या पाकळ्या फाकतात आणि तो सॉकेट कायमचा जातो. उलट केलं तर पिन सैल बसते, वाऱ्याने टॉवर हलला की आवाज तुटतो आणि दोष काही केल्या हाती लागत नाही.

अँटेनावर सात-सोळा डिन असेल तर ओळखायला सोपं. त्याचे आटे २९ मिलिमीटरचे, नटाला ३२ चा पाना लागतो. जास्त ताकदीच्या अँटेनांवर ईआयए फ्लँज येतो, बोल्टांनी आवळायची गोल तबकडी आणि मध्ये वेगळा निघणारा पितळी तुकडा. तो तुकडा वर काम करताना हातातून निसटतो, म्हणून आधीच जादा मागवा.

एफएमवर पीएल-२५९ लावला म्हणून आकाश कोसळत नाही. १०० मेगाहर्ट्‌झला लाटेची लांबी ३ मीटर असते आणि कनेक्टर चार-पाच सेंटिमीटरचा. एवढ्याशा अंतरात मापं थोडी चुकली तरी लाटेला फारसं जाणवत नाही. त्याच्यावर माझा आक्षेप आहे तो पाण्यासाठी. अँटेनावर पीएलचंच सॉकेट असेल तर खुशाल पीएल लावा, फक्त टेप लावताना दुप्पट काळजी घ्या.

आणि केबल कोणती?

तोंड बरोबर असून शेपूट चुकली तरी कनेक्टर फुकट जातो. केबलच्या आवरणावर दर मीटरला तिचं नाव छापलेलं असतं. उन्हाने पुसलं गेलं असेल तर खोलीतल्या टोकापाशी पाहा, तिथे ते शाबूत असतं.

आरजी-२१३ आणि एलएमआर-४०० या दोन्हींची जाडी १०.३ मिलिमीटरच्या आसपास. पण पहिलीचा गाभा सात तारांचा, सव्वादोन मिलिमीटरचा, आणि दुसरीचा एकसंध, पावणेतीनचा. आरजी-२१३ साठीच्या एन कनेक्टरच्या पिनेत एलएमआरचा गाभा शिरत नाही. मग कुणीतरी तो कानशीने घासतो. एलएमआरचा गाभा अॅल्युमिनियमचा असतो आणि वर तांब्याचा पातळ थर. घासलं की तो थर जातो, अॅल्युमिनियम उघडं पडतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पांढरी भुकटी व्हायला लागते.

नळीसारख्या वळ्या असलेल्या अर्ध्या इंची केबलचंही तसंच. एलडीएफ४-५०ए आणि जास्त लवचिक एफएसजे४-५०बी या दोन्हींना लोक "हाफ इंच" म्हणतात, पण एकीचा कनेक्टर दुसरीला बसत नाही. छापलेलं नाव पूर्ण लिहून घ्या, "हाफ इंच" एवढ्यावर सोडू नका.

केबलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ४० मीटर आरजी-२१३ मध्ये एफएमची जवळपास निम्मी ताकद जाते. एलएमआर-४०० मध्ये सुमारे ३० टक्के, अर्ध्या इंची केबलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास. कनेक्टर बदलताना केबल जुनी आणि काळवंडलेली निघाली, तर तिच्यासाठी पैसे उभे करणं हीच खरी दुरुस्ती.

मिळेल कुठे?

तालुक्याच्या गावात बहुधा नाहीच. छत्रपती संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून बीएनसी (फिरवून अडकवायचे छोटे कनेक्टर), पीएल आणि कधी साधे एन मिळून जातात. पुण्याला बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर आणि मुंबईला लॅमिंग्टन रोड हे जुने अड्डे. नांदेड-परभणीकडच्यांनी हैदराबादचा विचार जरूर करावा, कोठीतल्या गुजराती गल्लीत या जिनसा मिळतात. देवगिरी एक्सप्रेसने जाणारं-येणारं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच.

दुकानदाराला फोनवर असं सांगा, "एन मेल, ५० ओहम, एलएमआर-४०० साठी, क्लँपचा, पितळी, टेफ्लॉनचा." (क्लँपचा म्हणजे नट आवळून केबल पकडणारा.) एवढं म्हटलं की त्याच्याकडे असेल तर लगेच होय, नसेल तर लगेच नाही. जुने क्रमांकही चालतात. आरजी-२१३ साठीच्या एन मेलला यूजी-२१ म्हणतात, फिमेलला यूजी-२३. पीएल-२५९ बारीक केबलला लावायचा तर मध्ये घालायचा रिड्यूसर लागतो, आरजी-५८ साठी तो यूजी-१७५.

बंद पडलेल्या मोबाइल टॉवरच्या जंपर केबल, म्हणजे जोडणीच्या आखूड केबल, भंगारात येतात. त्यांच्या टोकांना सात-सोळाचे चांगल्या प्रतीचे कनेक्टर असतात. घ्यायला हरकत नाही, पण आतल्या पाकळ्या फाकलेल्या नाहीत आणि गॅस्केट तडकलेलं नाही हे बघूनच. अॅडॉप्टर लावून वेळ मारून नेता येते, मात्र प्रत्येक अॅडॉप्टर म्हणजे पाणी शिरायला आणखी एक जागा. नवा कनेक्टर येईपर्यंतच तो वर राहू द्या.

हातात आल्यावर चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, परत करा. आतलं पांढरं टेफ्लॉन कथील ओतताना वितळत नाही, स्वस्त प्लास्टिक वितळून पिन तिरकी होते. एवढ्या कंपनसंख्येला वीज तांब्याच्या पृष्ठभागावरच्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ थरातून वाहते, म्हणून मुलाम्याला महत्त्व आहे. चांदीचा मुलामा काळपट झाला तर फार बिघडत नाही. तांब्यावर हिरवा थर दिसला तर मात्र तो कनेक्टर पुन्हा वापरू नका.

बसवताना

केबल मागे मागे कापत जा, जाळी लखलखीत दिसेपर्यंत. मीटरभर कापूनही ती काळीच निघाली तर केबल बदलायची. हे कापणं परवडावं म्हणून वर मीटर-दीड मीटर केबलचा वेढा आधीच राखून ठेवायचा असतो. पीएल-२५९ ची जाळी कथिलाने जोडायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ८०-१०० वॅटचं लागतं. वर वाऱ्यात ते तापलेलं राहत नाही. जोड खालीच करून न्या, किंवा क्लँप वा क्रिंपचा (साच्यात दाबून बसवायचा) प्रकार घ्या. १०.३ मिलिमीटरच्या केबलसाठी क्रिंपचा षटकोनी साचा १०.९ मिलिमीटरचा.

आता पाण्याचा बंदोबस्त. घासघीस करून कनेक्टर मिळवलेला असतो आणि शेवटी दहा रुपयांच्या टेपचे चार वेढे दिले जातात. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की त्या टेपचा डिंक वितळतो, कड सुटते आणि जूनमध्ये आत पाणी. सांधा आवळल्यावर आधी पीव्हीसी टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढे कधी उघडताना कनेक्टर स्वच्छ निघेल. त्यावर स्वतःत मिसळून एकजीव होणारा रबरी किंवा ब्युटाइल टेप, ताणून. त्यावर पुन्हा उन्हाला टिकणारा चांगला पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेरच ओघळतं. अखेरचा वेढा न ताणता लावा, ताणलेला सुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन कनेक्टरला लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. सांध्याच्या खाली केबलला झोळ द्या, थेंब तिथून गळून पडतील.

टॉवरच्या बुडाशी लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे केबलमधून आलेली आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा भाग, असेल तर त्यालाही दोन कनेक्टर आहेत आणि त्यांनाही हीच वागणूक. त्याचं अर्थिंग उन्हाळ्यात एकदा मोजा. काळी माती तडकली की गाडलेल्या सळईभोवती पोकळी होते आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग नेमकं वळवाच्या विजांच्या दिवसांत कमजोर पडतं.

सगळं झाल्यावर ट्रान्समीटर आधी कमी ताकदीवर चालवा, आकडा पाहा, मग पूर्ण ताकदीवर अर्धा तास. पुन्हा बंद करून सांध्याला हात लावा. तो तापला असेल तर आत पिन नीट बसलेली नाही, उघडून पुन्हा बसवा. ठीक असेल तर पुढे गेलेली आणि परत आलेली ताकद, तारीख, कनेक्टरचं पूर्ण नाव आणि केबलवर छापलेलं नाव एका कागदावर लिहून तो ट्रान्समीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याच कपाटात त्याच नावाचे दोन कनेक्टर आणि रबरी टेपचं एक रीळ मृगाच्या आधी आणून ठेवा.